एकतीस नंबरची मुळी

सिंगापूर,
१९ जानेवारी १९९९

आक्का,

इथूनच पाया पडतो. तुझं पत्र तेरा दिवसांनी मिळालं. जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं, मग परत वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एकेक गोष्ट खटकायला लागली.

आबांच्या लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ हाय, ती कॅन्सरची हाय, आणि नाशिकचे डॉक्टर म्हणतात तेवीस मार्चला कापून काढू. बरं. मला सांग, पोट न उघडता त्यांना लिंबू दिसलं कसं? सोनोग्राफी म्हणशील. तो पडदा मी बघितलाय. कोपरगावच्या साखर कारखान्यात होतो तेव्हा पोटदुखीला गेल्तो. नुसती भुरी भुरी राख हलत असते. डॉक्टर बोट ठेवील ती गाठ. आणि त्या डॉक्टरकडं आबांना नेलं कुणी? दाजींनी. राजूर-शेंडी लायनीवर ज्या जीपला उभं राहायला सवड नसते, ती जीप नाशिकला जायला बरी मोकळी सापडली? मी दाजींवर संशय घेत न्हाई. फक्त विचारतो.

आता मुद्द्याचं. आबांना कापू देऊ नको. मी हल्ली एका मोठ्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खात्यात हाय. तिसऱ्या मजल्यावर एक चिनी डॉक्टरीणबाई बसतात, चष्म्याच्या, माझ्याहून बुटक्या. त्यांच्या कपाटात चिनी जडीबुटीच्या पिशव्या हायेत, मुळ्या, साली, वाळलेली फुलं. भिंतीवर एक चित्र हाय. ते बघितलं आणि मी थबकलो. राजूरच्या बाजारात खाटकाच्या हुकाला टांगलेली कलेजी मी ओळखणार न्हाई व्हय? माणसाचं लिव्हर होतं ते. आमच्या तमिळ मुकादमाला विचारलं. तो धारावीत राहून आलाय, हिंदी बोलतो. तो म्हणाला, लिव्हरच्या कॅन्सरवर कुठली चिनी मुळी आत कुठं जाऊन लागेल, हे ही बाई कॉम्प्युटरला विचारते.

म्हंजे औषध सापडलंय, आक्का. सापडल्याशिवाय कुणी कपाटाला कुलूप लावतं का? पण बाहेर सांगत न्हाईत. माझं लक्ष हाय.

आबांसाठी वेगळा कागद घातलाय, तो वाचून दाखव. पुढच्या पत्रापर्यंत नाशिकचं नाव काढू नको.

गोरक्ष


वांजुळवाडी, ता. अकोले,
३ फेब्रुवारी १९९९

चि. गोरक्ष,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने काल दाजींच्या जीपमध्ये दिलं. पाकीट मीच फोडलं, दाजींनी नाही. हे आधी सांगते, नाहीतर पुढची दोन पानं तू त्यावरच घालशील.

आबांचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. चूक तिथेच झाली. गेले महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस उठून ओट्यावर आला. म्हणाले, "जलमभर हिरडा वेचला, जयमाला. पोती भरून दिली. कुठं जातो, कुनाला गुन येतो, कुनी सांगितलं न्हाई. माझ्या पोरानं बघ, काम्पुटरातनं औषध काढलं." संध्याकाळी दाजी आले तर त्यांना तोंडावर सांगितलं, "नाशिकला कळवा. कापायचं न्हाई. पोरगा औषध धाडतोय."

गोरख्या, मी डॉक्टरांना तीनदा विचारलं होतं. गाठ एकच आहे. डाव्या बाजूला आहे. बाकीचं लिव्हर चांगलं आहे. ते म्हणाले, शंभरात थोड्यांचं असं असतं की कापून काढता येतं. मार्च गेला, गाठ पसरली, तर मग कापायला काही उरणार नाही. आबांना आम्ही 'कॅन्सर' म्हटलेलं नाही, नुसती गाठ म्हणतो. तू पण तेच म्हण.

आता तुझं. राखीच्या पत्रात तू जहाजाला रंग देत होतास. दिवाळीत क्रेनवर होतास. आता कॉम्प्युटरच्या खात्यात. सातवीत गणितात अकरा मार्क मिळवलेल्याला कॉम्प्युटरवर कोणी बसवलं? खरं काय ते लिही. मला तुझ्या कामाची लाज नाही, तुझ्या गुळमुळीत बोलण्याची भीती वाटते.

बनुबाई काविळीची माळ घालायची, माळ लांब झाली की कावीळ उतरली म्हणायची, तेव्हा सगळी वाडी हात जोडून बसायची. तू सात वर्षांचा. भर ओट्यावर ओरडलास, "म्हातारीनं दोऱ्याला सैल गाठी मारल्यात, त्या सुटत्यात म्हणून माळ लांब होते!" आबांनी तुला बडवलं, पण तू खरं बोलला होतास. तोच तू आज एका चित्रावरून औषध सापडलं म्हणतोस?

त्या बाईंनाच विचार. त्यांच्या हाताने लिहून घे. त्याशिवाय काही पाठवू नको.

तुझी आक्का


सिंगापूर,
१५ फेब्रुवारी १९९९

आक्का,

झाडतो. बास? सहा मजले झाडतो, पुसतो, कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करतो. जहाजावर फोरमनशी वाजलं, क्रेनवर मी नुसता खाली उभा राहून झेंडी दाखवायचो. एका जागी माझं बूड टिकत न्हाई हे तुला ठाऊक हाय. पण टोपली रिकामी करणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं साहेबाला कळत न्हाई.

बाईंना विचारू म्हणतेस. विचारलं की दुसऱ्या दिवशी टोपलीत कागद पडायचा बंद होईल. लोक विचारल्यावर खरं सांगत असते तर जगात कुलपं कशाला असती? तुझं पत्र यायच्या आधीच मी माझ्या रस्त्यानं निघालो होतो.

दहा दिवस रोज सकाळी त्यांच्या टोपलीतले कागद गोळा केले. इंग्रजी वाचता येत न्हाई, आकडे येतात. पहिल्या रकान्यात मुळीचा नंबर. तोच नंबर कपाटातल्या पिशवीवर. शेवटच्या रकान्यात मार्क. मुळ्या एकंदर चाळीस. वरच्या बऱ्याच मुळ्यांना वजाचे मार्क, वजा नऊ, वजा आठ. त्यातल्या काहींभोवती बाईंनी लाल शाईनं गोल केलाय. आपले गुरुजी चुकलेल्या गणिताभोवती लाल गोल करायचे, आठवतं? माझी वही सगळी गोलच होती. तेव्हा त्या बाद. खाली खाली गेलं की मार्क वाढत जातात, आणि सगळ्यात शेवटी एकतीस नंबर. एकटीच अधिक. भोवती गोल न्हाई, काही न्हाई. सगळ्यात चांगली मुळी सगळ्यात खाली लपवून ठेवलीय. मी पण तसंच केलं असतं.

कपाट उघडं सापडलं तेव्हा पुसायच्या निमित्तानं एकतीस नंबरातली चिमूटभर घेतली आणि चिनी औषधाच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्यानं हुंगली, छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. मी मान हलवली आणि पोटाच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. तर तो हातानं नको नको करून दुसराच डबा काढायला लागला. मी ओळखलं, दुसरा माल गळ्यात मारायचा. मी अडून बसलो, हीच पाहिजे. शेवटी कपाळाला हात लावून त्यानं बांधून दिली.

संगमनेरचा एक गडी परवा सुट्टीवर निघालाय, त्याच्याजवळ पुडा देतोय. तीन वाट्या पाण्यात मूठभर टाकायची, एक वाटी उरेस्तोवर उकळायची, सकाळ-संध्याकाळ द्यायची. पुड्यावर मी माझ्या पद्धतीनं दोरा बांधलाय. सुटलेला दिसला तर लगेच कळव.

आणि आबा ओट्यावर आले हे तूच लिहिलंस. नुसत्या कागदानं आले. मुळीनं काय होईल बघ.

गोरक्ष


वांजुळवाडी,
२७ फेब्रुवारी १९९९

चि. गोरक्ष,

अनेक आशीर्वाद. पुडा मिळाला, दोरा जसाच्या तसा होता. तू सांगितलंस तसा काढा करते आणि आबांना दोन्ही वेळा देते. तोंड वाकडं करतात, पण पिऊन टाकतात. भूक थोडी सुधारली आहे.

तेवीस तारखेचं ऑपरेशन आबांनी नको म्हणून दाजींकरवी दवाखान्यात कळवलं आहे. तू काळजी करू नको. तू एवढ्या लांबून एवढी धडपड केलीस, आम्हाला कौतुक आहे. झाडण्याचं काम आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नको, कोणतंही काम चांगलंच असतं. उन्हाची टोपी घालत जा. दाजींचा नमस्कार.

तुझी आक्का


सिंगापूर,
९ मार्च १९९९

आक्का,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं.

तू मला कधी उन्हाची टोपी घाल म्हणाली न्हाईस. मी इमारतीच्या आत काम करतो. तुझ्या पत्रात मला एक तरी 'गाढवा' असतो, यात न्हाई. दाजींचा नमस्कार तर लग्नापासून पहिल्यांदा आला. असो. माणसं सुधारतात.

एक सांगायचं राहिलं. दुकानदार म्हणाला होता, मुळी चांगली असली तर चार-पाच दिवसांत जीभ काळी पडते, जांभूळ खाल्ल्यासारखी. पडली न्हाई तर माल बाद. तेव्हा आबांना जीभ बाहेर काढायला सांग आणि काळी पडली का न्हाई ते लिही. एवढं एकच लिही. दुसरं काही लिहिलं न्हाई तरी चालेल.

गोरक्ष


वांजुळवाडी,
२० मार्च १९९९

चि. गोरक्ष,

अनेक आशीर्वाद. घाईत लिहिते आहे. हो, आबांची जीभ चांगली काळी पडली आहे, मागच्या आठवड्यापासून. माल बरोबर आहे.

उद्या आम्ही आबांना घेऊन नाशिकला जात आहोत, नुसती तपासणी आहे, चार दिवस लागतील. तेव्हा माझं पत्र उशिरा आलं तर समजून घे.

तुझी आक्का


सिंगापूर,
३१ मार्च १९९९

आक्का,

जीभ काळी पडत न्हाई.

दुकानदार असं काही म्हणाला न्हाई, तो मराठी बोलतो का? पुडा धाडायच्या आधी आठ दिवस तोच काढा मी स्वतः प्यालो होतो. म्हटलं, आबांच्या पोटात जायचंय, आधी माझ्या पोटात जाऊ दे. माझी जीभ आहे तशीच लाल होती. तुला कळवलं न्हाई, म्हटलं चिडशील. आणि तू मला लिहितेस, चांगली काळी पडली!

म्हंजे मुळी आबांना दिलीच न्हाई. एक दिवस पण न्हाई. कुठं टाकलीस? ओढ्यात? का दाजींनी जीपमधून फेकली? त्यांनीच शिकवलं असणार. चाळीस नंबरांतनं मी एक काढली, कपाटात हात घालताना माझं काळीज कानात वाजत होतं, आणि तुम्ही नवराबायकोनं मिळून माझ्या बापाचं औषध फेकलं. वर माझं कौतुक!

ऑपरेशन तर नाकारलंत, औषध पण न्हाई. मग आबांना देताय काय? नुसती हवा?

आता मी लपूनछपून काही करणार न्हाई. उद्याच्या उद्या तो कागद घेऊन बाईंच्या समोर उभा राहतो. चोरी कबूल करतो. त्यांच्या हातानं लिहून घेतो की एकतीस नंबर चालते. तो कागद तुझ्या दारात आला की बघतो तू काय बोलतेस.

तुझ्याशी माझं बोलणं बंद.

गोरक्ष आसाराम


नाशिक,
२ एप्रिल १९९९

चि. गोरक्ष,

आबांचं ऑपरेशन झालं. तेवीस तारखेलाच झालं. गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बरणीत दाखवली, लिंबाएवढीच होती. आबा शुद्धीवर आहेत, पेज पितात, परिचारिकांशी भांडतात. आता दहा दिवस झाले, धोका टळला असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आज तुला खरं लिहिते आहे.

तुझा पुडा मी उघडला नाही. डॉक्टर म्हणाले होते, पोटात जाईल ते सगळं आधी लिव्हरलाच उपसावं लागतं, अनोळखी झाडपाला अजिबात नको. आबा तर रोज पुड्याची वाट बघत होते. मी मेथ्या आणि चहाची भुकटी उकळून द्यायला लागले. कडू लागतं, रंग पण येतो. तेच तुझं चिनी औषध म्हणून ते प्याले.

पण त्याने ऑपरेशन होणार नव्हतं. मग मी दुसरं केलं. तुझ्या निळ्या पाकिटात एक कागद मी लिहून घातला आणि बारा मार्चला आबांना तुझं पत्र आलं म्हणून वाचून दाखवला. त्यात लिहिलं, "आबा, इथल्या बाईंनी सांगितलं आहे की गाठ आत आहे तोवर मुळी काम करत नाही. आधी नाशिकला जाऊन गाठ काढून घ्या, मग औषध लागू होईल. माझी शपथ आहे. तुमचा गोरक्ष."

आबांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "आनखी काय लिवलंय?" मी म्हटलं, एवढंच. ते ओट्यावर जाऊन बसले, मग आत आले. म्हणाले, "बरं. जाऊ नाशिकला." दाजींनी त्याच दिवशी जाऊन तीच तारीख पुन्हा ठरवून घेतली.

तुला कळवलं असतं तर तू आबांना वेगळं पत्र टाकलं असतंस आणि सगळं फिसकटलं असतं. तुझ्या नावाने खोटं बोलले. दाजींना यातलं मेथीचं माहीत होतं, पत्राचं नाही. राग काढायचा तर माझ्यावर काढ. पण एक ऐक, ते पत्र तुझं नव्हतं हे आबांना कधी कळू देऊ नको. त्यांचा जीव त्या पत्रावर आहे.

आणि ती जीभ खरंच काळी पडते का रे? मी अंदाजाने हो लिहिलं. तेव्हापासून मला ते खुपतं आहे.

तुझी आक्का


सिंगापूर,
३ एप्रिल १९९९

आक्का,

माझं एकतीस तारखेचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर आल्यावर न वाचता फाड.

परवा मुकादमाला दुभाषा म्हणून हाताला धरून तिसऱ्या मजल्यावर गेलो. तो सारखा म्हणत होता, "अरे, माझी पण नोकरी घालवशील." बाईंच्या टेबलावर कागद ठेवला, एकतीसवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. टोपली, कपाट, चिमूट, पुडा. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता शिपाई बोलावतात. त्यांनी खुर्ची दिली.

म्हणाल्या, "एकतीस नंबर खोकल्याची मुळी आहे."

मी म्हटलं, "पण तिलाच अधिक मार्क हायेत."

"इथं अधिक म्हणजे वाईट. जितकं वजा, तितकी मुळी घट्ट बसते. ज्या चांगल्या बसल्या त्यांच्याभोवती मी गोल केले."

आक्का, त्या लाल गोलांनी मला शाळेत रडवलं आणि इथंही सोडलं न्हाई.

मग त्यांनी समजावलं. आपल्या अंगात हजारो कुलपं असतात म्हणे, डोळ्यांना न दिसणारी. कॅन्सर वाढतो तो त्यांतली काही उघडी राहिल्यानं. मुळीतला अर्क म्हंजे किल्ली. कुठली किल्ली कुठल्या कुलपात बसेल हे हातानं बघायला जन्म पुरणार न्हाई, म्हणून कॉम्प्युटर सगळ्या किल्ल्या सगळ्या कुलपांत घालून बघतो. मी विचारलं, "मग खोकल्याची मुळी त्यात कशाला घातली?"

"मुद्दाम. तिचा इथं उपयोग नाही हे मला आधीच माहीत आहे. कॉम्प्युटर पण तसंच म्हणतो का बघायचं होतं. तिलाही त्यानं चांगले मार्क दिले असते, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला नसता."

मी मुकादमाला म्हटलं, यांना विचार, म्हंजे तुम्हाला तुमच्याच मशीनचा संशय हाय? बाई हसल्या. "आमचं सगळं कामच संशयाचं."

मला लई बरं वाटलं. कपाटाला कुलूप होतं म्हणून मी ठरवलं होतं की औषध सापडलंय. त्यांना सापडलंच न्हाई, म्हणून त्या रोज विचारत बसतात. मी म्हटलं, "मग ती सगळ्यात वरची द्या, वजा नऊवाली." त्यांनी मान हलवली. किल्ली बसेल हा नुसता अंदाज. बसल्यावर कॅन्सरचं दार लागेल का चांगल्या लिव्हरचं, हे अजून उंदरावर सुद्धा कुणी बघितलेलं न्हाई. मी विचारलं, "किती वर्षं लागतील?" म्हणाल्या, "तुझ्या वडलांच्या उपयोगी पडतील एवढी थोडी नाहीत."

मग त्यांनीच विचारलं, गाठ केवढी, एक का अनेक, कुठल्या बाजूला. तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्या खिशात होतं, त्यातलं सगळं सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "ज्याची एकच गाठ आहे आणि कापता येते, त्यानं माझ्याकडं यायचंच नाही. सर्जनकडं जायचं. आजच." हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय, तो कागद यात घातलाय. इंग्रजीत हाय, डॉक्टरांना दाखव.

तेवीस मार्च गेला. मी घालवला. आबांना वेगळा कागद लिहिलाय, त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय की माझं चुकलं, मुळी खोकल्याची निघाली, लगेच नाशिकला जा. ते ऐकणार न्हाईत तर दाजींना म्हणावं उचलून जीपमध्ये टाका. शेंडीच्या एसटीडी बूथवर चारदा फोन लावला, लाइन मेलेली हाय. हे पत्र पोचायला दहा दिवस जातील आणि त्या दहा दिवसांत ती गाठ काय करेल याचाच हिशेब मी करत बसतो.

तू मुळी दिली न्हाईस ते बरं केलंस. खोटं का बोललीस ते विचारत न्हाई. मला चौथ्या इमारतीच्या बागेत टाकलंय, कपाट नसलेल्या ठिकाणी. चांगलं झालं.

लवकर लिही. एका ओळीचं लिही, पण लिही.

गोरक्ष


नाशिक,
१६ एप्रिल १९९९

गोरख्याला आबाचा आशीर्वाद.

हे पत्र माझ्या शेजारच्या खाटेवरचे मास्तर लिवत्यात. कोपरगावचे हायेत, अक्षर चांगलं हाय. मी बोलतो तसंच लिवा म्हनून त्यांना बजावलंय. तुझी आक्का कपडे धुवायला गेली हाय, तिला यातलं काय ठाव न्हाई.

मी बरा हाय. टाक्याला जरा पू झाला म्हनून ठिवून घेतलंय. डॉक्टर म्हनतात आता दर सहा महिन्यांनी बघू. बघू म्हंजे पुढचं त्यांनाबी ठाव न्हाई. असू दे. आज तरी भाकर खाल्ली.

तुझी पत्रं दाजी वाडीवरनं घेऊन येतो. पयलं आलं ते वाचून ती व्हरांड्यात जाऊन रडली. दोन दिसांनी दुसरं आलं, ते वाचून तितंच बसून हसली. मला दोन्ही दावली न्हाईत. मी इचारलं न्हाई. तुमच्या दोघांचं काय चाललंय ते मला कळतं.

ती मला मेथ्या पाजत हुती. पन्नास वरसं रानात गेली माझी, साल हुंगून झाड सांगतो मी, आन मला मेथ्या कळायच्या न्हाईत व्हय? चहाची भुकटी घातली म्हनून वास जातो का? पन मी प्यालो.

मग तुझं पत्र म्हनून तिनं एक कागद वाचला. गाठ आदी काढा, मग औषध. म्या दोनदा वाचाया लावलं. दोनदा ऐकलं आन समजलो, हे माझ्या पोराचं न्हाई. लेका, सबंद पत्र झालं आन त्यात एका मानसावर तुझा संशय न्हाई? डॉक्टर चोर न्हाई, दाजी चोर न्हाई, पोस्टमननं पाकीट फोडलं न्हाई? म्हनून तिला इचारलं, आनखी काय लिवलंय? ती म्हनली, एवढंच. मान खाली घालून म्हनली.

मग मी बसून इचार केला. जयमाला जलमात माझ्याशी खोटं बोलली न्हाई. चौथीत नापास झाली तवा सोताच येऊन सांगितलं. ती मानूस मेथ्या उकळती, भावाच्या नावानं पत्र रचती. साध्या गाठीसाठी कुनी एवढं करत न्हाई. तवा मला कळलं माझ्या पोटात काय हाय. तुमी तो शबूद न बोलता सांगितला. म्हनून गेलो नाशिकला. तुझ्या पत्रानं न्हाई आन मुळीनं न्हाई.

मास्तर म्हनतात, मुलीला सांगा तुमाला ठाव हाय म्हनून. मी म्हनलं नको. तिला वाटू दे बापाला फसवलं.

आता तू मला एक खरं पत्र लिव. माझ्या नावानं, येगळं. तितं झाडतोस का खुरपतोस ते लिव. आन त्यात कुनावर तरी संशय घे. डॉक्टरवर घे, दाजीवर घे, ह्या मास्तरवर घे, मी बोललो तसं लिवलं का न्हाई म्हनून. म्हंजे मला कळंल तुझंच हाय.

आबा